अंगणातील कुदळ कोणी हाती घ्यावी?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एखाद्या निवासी गल्लीतून सकाळी सहाच्या सुमारास चालत जा. रात्रपाळी संपवून परतणाऱ्या दुचाकी, सळयांनी लादलेले ट्रेलर, खिडक्यांच्या कडांवर साचलेली काळसर धूळ, आणि या साऱ्यांत एखाद्या कुंपणाआड झारी घेऊन उभे असलेले वयस्कर गृहस्थ आपणांस हमखास दिसतील. तीस-पस्तीस वर्षे भट्टीच्या धगीसमोर काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर हिरव्या रंगाची ओढ लागावी, यात नवल ते काय! शिवाय हे गाव जसे पोलादाचे, तसे बियाण्यांचेही आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली बियाणे कंपनीची मुहूर्तमेढ येथेच रोवली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. येथील मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. माती आणि बी यांची भाषा येथल्या घराघरांत कळते. त्यामुळे घरापुढे चार हात जागा मोकळी असली, की प्रश्न उभा राहतो: बाग आपणच करावी, की व्यावसायिकाकडून करून घ्यावी?

बहुतेक घरांत हा प्रश्न पैशांचा म्हणून चर्चिला जातो. साठीपुढील माणसांच्या घरात तो आरोग्याचा आहे, असे माझे मत आहे. आणि हे मत मला एका परिचित कुटुंबाने शिकवले.

काका एका रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. काकूंचे गुडघे दुखरे. घरासमोर आणि बाजूला मिळून सुमारे चाळीस चौरस मीटर जागा मोकळी. पुण्यातील मुलाने एका बागकाम कंत्राटदाराचा आराखडा पाठवला: मध्यभागी हिरवळ, कडेला पामची झाडे, गुळगुळीत ग्रॅनाइटची पायवाट आणि छोटे कारंजे. काकांनी तो घडी करून कपाटात ठेवला. “भट्टी सांभाळली, चार वाफे सांभाळता येणार नाहीत का?” असे म्हणून त्यांनी मे महिन्यातच टिकाव हाती घेतला. जमीन भरावाची, वरून उन्हाने दगड झालेली. पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात, वाकून घमेले उचलताना त्यांना भोवळ आली. पडताना हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर.

मुलगा धास्तावला. त्याने तोच आराखडा पंधरा दिवसांत पुरा करून घेतला. बाग देखणी झाली. कंत्राटदाराचा माणूस रोज येऊन पाणी घालून जाई. काका मात्र अंगणात येईनासे झाले. प्लास्टर निघाले तरी ते आत दूरचित्रवाणीसमोरच बसून राहत. काकू मला म्हणाल्या, “बाग झाली हो, पण यांना तिथे काही कामच उरलं नाही.”

या घरात दोन्ही वाटांनी हानी झाली. पहिल्या वाटेने हाड मोडले. दुसऱ्या वाटेने जे हरवले ते क्षकिरणांत दिसत नाही, इतकेच. म्हणून ‘स्वतः की व्यावसायिक’ असा एकच प्रश्न न विचारता, बागेतील प्रत्येक कामासाठी तो वेगळा विचारावा. हे काम केल्याने आपल्याला इजा होईल का, आणि हे काम दुसऱ्याला दिल्याने आपले काही हरवेल का?

आधी इजेकडे पाहू. काकांना भोवळ का आली? ते रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होते. अशा गोळीने शरीरातील पाणी व क्षार कमी होतात, त्यात मे महिन्यातील घाम मिळाला की रक्तदाब एकाएकी खाली येतो. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बीटा-ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची नाडी श्रमाच्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे आपण किती दमलो आहोत, याचा अंदाज चुकतो. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेऊन न्याहारीआधी खणायला लागणे म्हणजे साखर उतरण्यास आमंत्रण. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर काट्याचा ओरखडाही लवकर थांबत नाही. आपल्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवून ‘मी बागेत कोणते काम करू?’ असा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. तो विचारावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर वाकणे, ओझे उचलणे आणि धुळीत काम करणे कधी सुरू करायचे, हेही डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

मधुमेही व्यक्तीने अनवाणी मातीत उतरू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते; काच रुतल्याचे संध्याकाळी रक्त दिसल्यावर कळते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. प्रौढांनी दर दहा वर्षांनी ‘टीडी’ लशीची मात्रा घ्यावयाची असते, आणि आपल्याकडील ज्येष्ठांना शेवटची मात्रा कधी घेतली, ते सहसा आठवत नाही.

विटांचा ढीग, जुनी फरशी, पत्रे, लाकडाची रास हलवणे हे आपल्या भागात विशेष जोखमीचे काम आहे. विंचू तेथेच दडतो. तांबड्या विंचवाच्या विषाने हृदयावर होणाऱ्या परिणामांवर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे जगाला दाखवून देणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर याच जिल्ह्यातील, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. महाडमध्ये त्यांनी केलेल्या या कामाने असंख्य जीव वाचवले, परंतु उपचार वेळेत व्हावे लागतात. दंश झाल्यावर खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. मोकळ्या भूखंडांमुळे नाग, घोणस, मण्यार, फुरसे यांचाही वावर असतो. सर्पदंशानंतर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. दंश झालेला अवयव हलू न देता १०८ क्रमांकावर फोन करावा आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. राडारोडा हलवायचा असेल, तर हातमोजे व गमबूट घालून, तरुण हातांनी, दिवसाउजेडी. यात काटकसर करू नये.

खणणे, भराव काढणे, माती टाकणे, फरशी बसवणे, जलवाहिनी आणि वीजजोडणी ही सर्व कामे म्हणूनच दुसऱ्यांकडे द्यावीत. याला केवळ वयाचे कारण नाही. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मुरमाचा दाबलेला थर न देता पेव्हर ब्लॉक बसवले, तर दोन पावसाळ्यांत एकेक ठोकळा वर-खाली होतो, आणि अर्ध्या इंचाची अशी कडसुद्धा पाय घासत चालणाऱ्या व्यक्तीला पाडण्यास पुरेशी ठरते. मुरूम किती, उतार कोणीकडे, हे अनुभवी गवंड्याला कळते. अंगणातील दिवे आणि पाण्याचा पंप यांच्यासाठी ईएलसीबी बसवून घेणे हेही जाणकार वायरमनचे काम. ओल्या हातांनी प्रयोग करू नयेत.

कीटकनाशकांची फवारणी हा स्वतंत्र धोका आहे. शेतातून उरलेली बाटली घरच्या गुलाबावर वापरण्याची खोड आपल्या भागात सर्रास आढळते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे आपण वाचले आहे. घराच्या अंगणात असे विष आणूच नये. कंत्राटदारालाही तसे स्पष्ट बजावावे. निंबोळीच्या गराची पन्नास ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घेतली, की पाच टक्क्यांचा अर्क तयार होतो. मावा-तुडतुड्यांसाठी तेवढा बहुधा पुरतो.

आता व्यावसायिकाच्या आराखड्याकडे वळू, कारण तोही डोळे झाकून मान्य करण्याजोगा नसतो. हे आराखडे प्रायः तरुण डोळ्यांसाठी आखलेले असतात आणि पुष्कळदा ज्या शहरात पाण्याची ददात नाही, तेथून उचललेले असतात. काकांच्या अंगणातील हिरवळीचाच हिशेब करा. भर उन्हाळ्यात एक चौरस मीटर हिरवळीला रोज पाच लिटरच्या आसपास पाणी लागते. चाळीस चौरस मीटरला झाले दोनशे लिटर. शहरी माणसाच्या घरगुती वापरासाठी दरडोई रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे घरात दीड माणूस वाढवल्यासारखे झाले. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या जिल्ह्याने मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळताना पाहिल्या, जेथे नागरिकांनी एकत्र येऊन निजामकाळातील घाणेवाडी तलावाचा गाळ उपसला, तेथे टँकर मागवून हिरवळ जगवणे मला तरी पटत नाही. आणि टँकर आला नाही, त्या दिवशी बादल्या कोण उचलणार? घरातील ज्येष्ठच.

पावसाच्या पाण्याचे मात्र कंत्राटदाराकडून अवश्य काम करून घ्यावे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छतावर साडेसहाशे मिलिमीटर पाऊस झाला, तर गळती-बाष्पीभवन वजा जाता पन्नास हजार लिटर हाती लागते. छतावर कारखान्यांची धूळ बसलेली असते, म्हणून पहिल्या दोन-तीन जोरदार सरींचे पाणी बाहेर सोडून द्यावे. कूपनलिकेचे पाणी जड असल्यास ठिबकची छिद्रे क्षारांनी बुजतात. ती साफ करण्याचे काम वार्षिक करारातच लिहून घ्यावे.

धुळीचा विषय निघालाच आहे. पोलादाच्या भट्टीतून निघणाऱ्या धुळीत लोखंडाबरोबर जस्त, शिसे असे धातू असू शकतात; शिवाय सखल भूखंडांवर कोठला भराव टाकला आहे, हे मालकालाही ठाऊक नसते. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी माती तपासून घेता येते. मात्र नेहमीच्या तपासणीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये कळतात, जड धातू कळत नाहीत, हे ध्यानी ठेवावे. म्हणून कारखान्यांना लागून असलेल्या घरांनी खाण्याच्या भाज्या मूळ जमिनीत न लावता, दूरच्या शेतातून आणलेल्या मातीच्या उंच वाफ्यांत लावाव्यात आणि पाने भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवावीत. दम्याच्या रुग्णाने अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडावे. गाजर गवत उपटणे त्याने हाती घेऊच नये. या गवताने त्वचेला आणि श्वासाला, दोहोंना त्रास होतो.

उंच वाफा ही वृद्धांच्या बागेतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. उंची दोन ते अडीच फूट. खुर्चीवर बसून हात सहज पोहोचला पाहिजे. एकाच बाजूने काम करायचे असेल तर रुंदी दोन फुटांहून अधिक नको. दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर चार फूट चालेल. भिंतीची वरची कड विटेच्या लांबीएवढी रुंद ठेवली, तर तिच्यावर टेकता येते, उठताना तिचाच आधार होतो. तळाशी पाणी निघून जाण्यास छिद्रे हवीत. दहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच वाफ्यात चाळीस घनफूट मिश्रण मावते. शंभर घनफुटांचा एक ब्रास असतो, तेव्हा माती मागवताना कोणी दोन ब्रास सुचवले, तर हिशेब विचारावा. काळी माती एकटी भरू नये, चिकट होते. तिच्यात कुजलेले शेणखत आणि थोडी जाडसर वाळू मिसळावी. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी वाफ्याखाली गुडघे जातील अशी, पायांवर उभी पेटी करून घ्यावी.

पायवाट तीन फुटांहून अरुंद नको. चाकाची खुर्ची वळवायची तर पाच फूट मोकळी जागा हवी. पायरीऐवजी उतार करावयाचा असेल, तर एक फूट उंचीस बारा फूट लांबी हे प्रमाण धरावे. त्याहून तीव्र उतारावर खुर्ची ढकलणाऱ्याचीही दमछाक होते. गुळगुळीत ग्रॅनाइट पावसात घसरतो; खडबडीत शहाबादी फरशी त्यापेक्षा केव्हाही बरी. एका बाजूला हाताशी येईल असा कठडा आणि प्रत्येक वळणावर बसण्याची जागा असावी. या चार गोष्टी आराखड्यात नसतील, तर कारंजे नसले तरी चालेल असे सांगून त्या आधी करून घ्याव्यात.

झाडांची यादीही नावानिशी मागावी. पाणी कमी लागते म्हणून कंत्राटदार कण्हेर आणि बिट्टी सर्रास लावतात. दोन्हींचे विष हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. घरात विस्मरणाचा आजार जडलेली व्यक्ती असेल किंवा सुटीत नातवंडे येत असतील, तर ही झाडे आणि धोतरा अंगणात नकोत. शोभेचे डिफेनबेकिया चघळले तर तोंड-जीभ सुजते. कुंपणासाठी कोनोकार्पस सुचवला जातो; गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली, एवढे सांगून नकार द्यावा. त्याऐवजी कढीपत्ता, लिंबू, मोगरा, जास्वंद, अडुळसा, गवती चहा ही आपल्या हवेला सरावलेली आणि हाताला काम देणारी झाडे आहेत. विस्मरण झालेल्या व्यक्तीसाठी पायवाट गोलाकार असावी, चालत राहिले की पुन्हा घराच्या दाराशीच येणारी.

मग ज्येष्ठांनी स्वतः काय करावे? बी पेरणे, रोपे लावणे, हलक्या झारीने पाणी घालणे, सुकलेली फुले खुडणे, शेंगा तोडणे, आच्छादन पसरणे. आणि कोठे काय लावायचे, हे ठरवणे. शेवटचे काम दुसऱ्याच्या हाती गेले, की बाकीची कामे उरूनही मन लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्ट वर्षांवरील व्यक्तींसाठीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि तीन दिवस तोल सावरण्याचे व्यायाम सुचवले आहेत. दम लागेल पण बोलता येईल अशा गतीने केलेले बागकाम या श्रमांत मोजता येते. रोज अर्धा तास, उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत, टोपी घालून, पाणी जवळ ठेवून. एकाच स्थितीत वीस मिनिटांहून अधिक बसू नये. खुरप्याच्या मुठीला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, तर सांधेदुखीच्या बोटांनाही पकड घेता येते. आठवड्यातून एक दिवस कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात, म्हणजे डेंग्यूचा डास तेथे वाढत नाही.

शुश्रूषा करणाऱ्या मुला-सुनांना एक विनंती. काळजीपोटी बाबांच्या हातातून झारी काढून घेऊ नका. ओझे काढून घ्या. गवंडी, माती टाकणारे मजूर आणि वीजकाम यांची व्यवस्था तुम्ही करा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, मेलेली रोपे तीन महिन्यांत बदलून देण्याची अट लिहून घ्या. पण कंत्राटदाराशी बोलताना बाबांना आणि आईला समोर बसवा, आणि प्रश्न त्यांना विचारू द्या. पुण्याहून पाठवलेला आराखडा घडी होऊन कपाटात का गेला, ते मग समजेल.

काकांच्या मुलाला ते वर्षभराने समजले. दिवाळीनंतर त्याने हिरवळीचा अर्धा भाग काढून टाकला आणि काकांनी सांगितलेल्या ठिकाणी दोन उंच वाफे बांधून घेतले. ग्रॅनाइटच्या जागी खडबडीत फरशी आली. कारंज्याचे कुंड मातीने भरून त्यात लिंबाचे रोप लावले. आता पंधरा दिवसांनी माळी येतो, छाटणी आणि ओझ्याची कामे करतो. त्याच्यासाठी काका एका वहीत कामे लिहून ठेवतात. मागच्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा काकू वाफ्याच्या कडेवर टेकून मेथी खुडत होत्या, आणि शेवग्याची फांदी किती कापायची यावरून काकांचा व माळ्याचा वाद चालला होता.